नामंजुरीसाठी अर्ज

१

फोन मेला तो मंगळवारी, दुपारी पाऊण ते दीडच्या दरम्यान. वय सात महिने. मृत्यूचं कारण कंपनीनं शनिवारी लेखी कळवलं: 'द्रवाशी संपर्क. वॉरंटी लागू नाही. सहकार्याबद्दल आभार.'

सर्वेअरनं ते पत्र दोनदा वाचलं. वाईट लिहिलं नव्हतं. विमा कंपनीच्या नोकरीत एकतीस वर्षं त्यानं जळकी गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या पाहून, लोकांचे दावे नियमात कसे बसत नाहीत हे लिहून दिलं होतं. चांगल्या नकाराची त्याला पारख होती. निवृत्तीनंतर, पापक्षालन म्हणा किंवा दिवसभर त्याला घरात बघणं बायकोला सोसेना म्हणून म्हणा, तो आठवड्यातून तीन सकाळी ग्राहक मदत कक्षात बसायचा. कक्ष म्हणजे वाचनालयामागची खोली, एक टेबल आणि तीन खुर्च्या. त्यातली एक इतकी डुगडुगायची की तक्रारदार आपलं म्हणणं थोडक्यात आटपायचा.

आजची तक्रारदार त्याच खुर्चीवर बसली होती आणि खुर्ची हलत नव्हती.

"पाणी लागलंच नाही, काका."

"सगळे तेच म्हणतात."

"म्हणत असतील. माझ्या फोनला लागलं नाही."

बाई पस्तिशीची. एका हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणं हे तिचं काम. तिथं तिला सगळे चिमटी म्हणायचे. एक चिमटा मोजणीत कमी भरला म्हणून तिनं एकदा अख्ख्या ऑपरेशन थिएटरला तासभर ताटकळत ठेवलं होतं, तेव्हापासूनचं नाव. चिमटा शेवटी सापडला, पेशंटच्या पोटाशेजारी, चादरीत. आभार कुणी मानले नाहीत.

"फोनच आहे," सर्वेअर म्हणाला. "लढू आपण. पण इतकं रडवेलं होण्यासारखं काही नाही."

"मी रडत नाहीये. शुक्रवारी माझी चौकशी आहे."

मग तिनं सांगितलं, आणि सर्वेअरनं पेनाचं टोपण काढलं.

हत्यारांचं प्रत्येक गाठोडं मोठ्या मशीनमध्ये वाफेवर जातं. आत एक कागदी पट्टी ठेवतात. वाफ पुरेशी लागली तर पट्टीवरची रेघ काळी होते. गेल्या दोन महिन्यांत काही दिवस रेघ काळी झाली नाही, राखाडी राहिली. चिमटीनं प्रत्येक वेळी मेट्रनबाईंना दाखवलं, पट्टी रजिस्टरमध्ये चिकटवली आणि फोटो काढला. मग ऑपरेशन झालेल्या पाच जणांच्या जखमा चिघळल्या. त्यातला एक, बसचा ड्रायव्हर, अजून व्हेंटिलेटरवर होता. हॉस्पिटलनं चौकशी नेमली, आणि पहिल्याच बैठकीत ठरल्यासारखं झालं की मशीन उत्तम आहे, चिमटी ते चुकीचं भरते. रजिस्टरमधली ती पानं आता रजिस्टरमध्ये नाहीत.

"फोटो दुसरीकडे कुठे ठेवले नाहीत?"

"फोटोंची प्रत ऑनलाइन जाते ना, तिथली 'जागा संपली' असं फोन सहा महिने सांगत होता. मी रोज 'नंतर' दाबत होते."

"शुक्रवारी फोटो नसले तर?"

"नोकरी जाईल. तिचं जाऊ द्या. त्या ड्रायव्हरचं काही बरंवाईट झालं तर माझ्या दारात पोलीस येतील, आणि माझ्याकडे दाखवायला काही नसेल."

"फोटो आहेत हे कुणाला माहीत होतं?"

"गेल्या सोमवारच्या बैठकीत मीच बोलले. समोर तिघं होते. मेट्रनबाई, मशीन दुरुस्त करणारा इंजिनियर आणि स्टोअरमामा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कोटाच्या खिशात हात घातला, तर फोन गरम होता आणि बंद." तिनं कंपनीच्या पत्रावर बोट ठेवलं. "तो पडला नाही बंद. कुणीतरी पाडला."

२

सर्व्हिस सेंटर झकपक होतं. काउंटरमागच्या भिंतीवर हसरं कुटुंब फोनकडे पाहत होतं आणि बाकांवर बसलेली खरी कुटुंबं टोकन नंबरकडे. नकारपत्रावर ज्याची सही होती, तो तंत्रज्ञ जाड चष्म्याचा, मान खाली घालून बोलणारा गृहस्थ निघाला. सर्वेअरनं आपला जुना हुद्दा सांगितल्यावर त्यानं मान थोडी वर केली. धंदाबंधू भेटला की माणूस मोकळा होतो.

"दोन स्टिकर असतात," चष्मेवाला म्हणाला. "एक सिमच्या खाचेत, एक आत बोर्डजवळ. कोरडे असले की पांढरे, पाणी लागलं की लाल. हे दोन्ही लाल आहेत. फोटो बघा."

"म्हणजे नकार बरोबर आहे."

"अगदी बरोबर." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पण एक सांगू का. मला ती केस आवडली नाही. नळाचं पाणी सुकलं की पांढरा डाग राहतो. चहाचा राहतो, घामाचा राहतो. इथं काहीच नाही. बोर्ड आरशासारखा. इतक्या स्वच्छ पाण्यात भिजलेला फोन मी नऊ वर्षांत पाहिला नाही."

"इतकं स्वच्छ पाणी असतं कुठलं?"

"वाफेचं. थंड वस्तूवर वाफ धरते ना, तसलं. बाहेरून पुसायलाही लागत नाही, आत मात्र दव पडल्यासारखं होतं."

सर्वेअरनं मूळ अर्ज मागून घेतला. अक्षर नेटकं, उभं, एकेक रकान्यात बसवलेलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'दुरुस्ती नको. बोर्ड बदलूनच द्यावा.' खाली सही चिमटीची, पण ती वेगळ्या पेनानं आणि घाईत केलेली.

"बोर्ड बदलला की जुन्याचं काय करता?"

"सीलबंद करून कंपनीला परत. ती त्याचा भुगा करते. आमच्याकडे काही राहत नाही."

सर्वेअरनं मान डोलावली. बोर्ड म्हणजे त्याच्या लेखी गाडीच्या गिअरबॉक्ससारखा सुटा भाग होता, आणि फोटो हे कॅमेऱ्यात असतात अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यानं हे कुणाला विचारलं नाही. साठीनंतर माणूस काही गोष्टी विचारत नाही, आणि त्यातल्या एखादीची फार किंमत पडते.

"फोन आहे कुठे?"

"इथंच, कपाटात. त्यांनी अपील केलंय. परत न्या म्हटलं, तर बरोबर आलेले गृहस्थ म्हणाले, राहू दे, नेला तर केस कच्ची होते."

"आणि अपील?"

"बाई फोन करत नाहीत. ते गृहस्थ करतात. दिवसातून चार वेळा." चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला. "मी पुष्कळ हट्टी लोक पाहिलेत. ते ओरडतात. हे ओरडत नाहीत. प्रत्येक वेळी एकच विचारतात: बोर्ड अजून तुमच्याकडेच आहे ना."

३

हॉस्पिटलच्या तळघरात उतरायला बावीस पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीगणिक हवा जड होत गेली. खाली मोठं मशीन दर थोड्या वेळानं सुस्कारा टाकायचं. चिमटीनं सर्वेअरला चालत चालत सगळं दाखवलं: फोन आत न्यायला बंदी म्हणून बाहेर कोट टांगायच्या खुंट्या, जिथं रजिस्टर आणून ती फोटो काढायची, खुंट्यांना लागूनच धुण्याचं सिंक, पुढे मोठं मशीन, आणि पार टोकाला स्टीलचं उंच कपाट.

"हे काय?"

"धुतलेल्या हत्यारांच्या जाळ्या यात सुकवतात. आम्ही याला हमाम म्हणतो."

मशीनचा इंजिनियर त्या दिवशी तिथंच होता, मोठ्या मशीनच्या दाराचं रबर बदलत. बोलका माणूस.

"गेल्या मंगळवारीही आलो होतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्याआधी मला बोलावणंच आलं नाही हो. हे रबर बघा, दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखं झालंय. वाफ धरणार कशी?"

"फोन या मशीनमध्ये कुणी टाकला असेल?"

"यात? मग दार उघडल्यावर फोन नसता मिळाला, बॅटरी फुटून तुकडे मिळाले असते. हमाममध्ये म्हणत असाल तर पटेल. पण हमाममध्ये कोण कशाला टाकेल? फोन मारायचाच असेल तर सिंक आहे की शेजारी. दोन मिनिटांचं काम."

"तुम्हाला फोटोंची भीती नव्हती?"

"मला? फोटो निघाले तर माझंच भलं आहे. मला वेळेवर बोलावलं नाही हे सिद्ध होईल." तो हसला, पण हसू फार टिकलं नाही. "नाही निघाले, तर आज ना उद्या हे सगळं माझ्या पान्यावर येणार. गरीब बिचारं मशीन, त्याला काय शिक्षा करणार."

मेट्रनबाईंची खोली काचेची होती. त्यांनी बसा म्हटलं नाही. तीस वर्षं लोकांना उभं ठेवून त्यांचीही उभं राहायची सवय गेली नव्हती.

"मशीन बघायला माणूस बोलवा, म्हणून मी तीनदा लिहून दिलं," त्या म्हणाल्या. "आमचे कागद स्टोअरमार्फत जातात. पुढचं मला माहीत नाही."

"रजिस्टरची पानं?"

"रजिस्टरही शनिवारी स्टोअरला जातं, सोमवारी येतं. बाइंडिंगला म्हणून."

"त्या कपाटाबद्दल विचारायचं होतं. हमाम."

"काय विचारायचंय? ओल्या जाळ्या घातल्या की पहिला अर्धा तास आत वाफच वाफ. दार उघडलं तर चष्म्यावर धुकं. नंतर पंखा ती ओढून नेतो, तेव्हा कुठे कोरडं होतं. इथं आठवडाभर काम केलेल्या कुणालाही विचारा."

सर्वेअर वळला, तशा त्या मागून म्हणाल्या, "अर्धवट प्रश्न विचारून जाऊ नका. त्या प्रत्येक फोटोत पट्टीशेजारी माझी सही आहे. 'पाहिलं' असं लिहून सही. रेघ राखाडी आहे हे मी पाहिलं, आणि हत्यारं वर थिएटरमध्ये जाऊ दिली, कारण वर डॉक्टर खोळंबले होते. ते फोटो बाहेर आले तर चिमटी सुटेल आणि मी बुडेन. तुमच्या जागी मी असते, तर पहिला संशय माझ्यावरच घेतला असता."

४

बुधवारी दुपारी सर्वेअर स्टोअरमध्ये गेला. तळघराच्या वर लगेच ही खोली, पण हवा निराळी. छतापर्यंत फळ्या, फळीवर खोकी, खोक्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नेटकं उभं अक्षर.

"या, या, साहेब," स्टोअरमामा म्हणाले. हॉस्पिटलातल्या सफाईवालीपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे ते मामा. गोल चेहरा, खिशात तीन पेनं, आणि कुणाचंही काम अडलं की मामा आहेत, असा लौकिक. सर्वेअरचा पत्ता चिमटीला त्यांनीच शोधून दिला होता. "मीच म्हटलं तिला, दावे कसे नाकारतात हे ज्याला ठाऊक, तोच मिळवून देईल. लेकरू एकटं पडलंय हो. अर्ज मी भरला, अपील मी लिहिलं. आपल्या हातून तेवढंच."

"फार कळकळीनं लिहिलंय."

"सवय आहे. हा बघा माझा कोपरा." एका फळीवर 'परत' अशी चिठ्ठी होती. बंद पडलेले पंप, वाकडे दिवे, सगळे आपापल्या खोक्यात झोपलेले. "लोक दुरुस्ती दुरुस्ती करतात. दुरुस्त केलेली वस्तू आपल्याच गळ्यात राहते, तिच्या मागच्या सगळ्या भानगडींसकट. बदलून घ्यावी. जुनी गेली की तिच्याबरोबर सगळं गेलं. पाटी कोरी."

ते इतक्या प्रेमानं बोलत होते की सर्वेअरला उगाच खिडकी उघडावीशी वाटली. खोलीला खिडकी नव्हती.

"मामा, खाली तळघरात ओल कुठे कुठे असते?"

"सिंकपाशी. मोठ्या मशीनपाशी. बाकी ते टोकाचं कपाट आहे ना, ते ठणठणीत कोरडं. मीच मागवलेलं. 'सुकवणी कपाट, नग एक, गरम कोरडी हवा.' सबंध हॉस्पिटलात त्याच्याइतकी कोरडी जागा नाही." आणि मग, कुणी न विचारता, "फोनला पाणी लागलं म्हणतात, ते मला पटतच नाही. कंपनी खोटं बोलते."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं आणि चेहरा उजळला.

"झालं, साहेब. अपील मंजूर. 'विशेष बाब म्हणून बोर्ड बदलून मिळेल, आज साडेतीनला या.' चिमटीची ड्युटी आहे, मीच जातो. अधिकारपत्र आहे माझ्याकडे, तिनं आधीच सही करून ठेवलंय."

सर्वेअरनं हात मिळवला आणि बाहेर पडून रस्त्यावर आला. दावा जिंकला होता. त्याच्या आयुष्यातला दुसऱ्या बाजूनं लढवलेला पहिला मोठा दावा. आनंद व्हायला हवा होता, पण दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. दावा बरोबर नाकारलेला होता. स्टिकर लाल होते. इतका बरोबर नकार फिरवण्यासाठी चार दिवस, रोज चार फोन, आणि तेही दुसऱ्याच्या फोनसाठी. इतकी कळकळ त्यानं एकतीस वर्षांत फक्त एकाच जातीच्या माणसात पाहिली होती: गोदामाला स्वतः काडी लावलेल्या.

त्यानं चष्मेवाल्याला फोन लावला.

"मंजूर झालं म्हणे. बाईंना फोटो कधी मिळतील?"

"कोणते फोटो?"

"फोनमधले. कॅमेऱ्यातले."

"साहेब, फोटो कॅमेऱ्यात नसतात. बोर्डवर असतात."

५

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सर्वेअरनं चिमटीला तळघरातून वर बोलावून घेतलं आणि रिक्षात बसवलं. हातमोजे काढायचे राहून गेले होते तिचे.

"बोर्ड बदलला की फोटो जातात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"जात नाहीत. प्रत नसली तरी नवा बोर्ड बसवून नंबर टाकला की आपोआप येतात. मामा म्हणाले."

सर्वेअरनं चष्मेवाल्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू राखाडी होत गेला.

ते पोचले तेव्हा मामा पहिल्या बाकावर बसले होते, हातात टोकन, मांडीवर फाइल. काउंटरवर चष्मेवाला फोनचं मागचं झाकण उघडून बसला होता. शेजारी नवा बोर्ड होता, आणि सील करायची छोटी पिशवी.

"थांबा," सर्वेअर म्हणाला. "हा दावा मंजूर होऊ शकत नाही."

काउंटरवरच्या बाईंनी वर पाहिलं. "तुम्ही कंपनीकडून का?"

"ग्राहकाकडून. आम्हाला नामंजुरी हवी आहे."

"असा फॉर्म नाही आमच्याकडे. आजवर कुणी मागितला नाही."

"कागद द्या. मी लिहितो."

त्यानं लिहिलं. आयुष्यात शेकडो नकार लिहिले होते, पण इतकं मन लावून एकही नाही. दोन्ही स्टिकर लाल, सबब द्रवाशी संपर्क निर्विवाद. अटीतलं कलम त्यानं आकड्यासकट घातलं. कंपनीनं दाखवलेली विशेष मेहेरबानी ग्राहक नम्रपणे नाकारत असून, फोन आहे तसा, एकही भाग न बदलता, मालकिणीच्या हाती परत द्यावा. चिमटीनं हातमोज्यासकट सही केली. सही केली म्हणजे चालू फोनवर पाणी सोडलं, हे तिला कळत होतं.

"अगं काय खुळेपणा करतेस?" मामा उठले. आवाज अजून मऊच होता. "हातातोंडाशी आलेलं घालवतेस? या गृहस्थाला नाकारण्याशिवाय दुसरं येतं काय?"

"नाही येत," सर्वेअर म्हणाला. "म्हणून तर कळलं. मामा, बसा. मी थोडक्यात सांगतो. चुकलं तर थांबवा.

"फोन वाफेनं मेला, आणि हातात आला तेव्हा गरम होता. मोठ्या मशीनमध्ये त्याचे तुकडे झाले असते, तेव्हा राहिलं सुकवायचं कपाट. आता, ज्याला फोन नुसता मारायचा आहे तो माणूस खुंटीवरून फोन काढील आणि शेजारच्या सिंकमध्ये बुडवील. इतक्या लांबच्या कपाटात पाऊण तास ठेवून, परत येऊन, परत खिशात टाकण्याचा धोका कोण घेईल? ज्याला फोन नुसत्या उष्णतेनं मारायचा आहे, भिजवायचा नाही, तो. आणि फोन भिजलेला नसावा ही काळजी जगात एकाच माणसाला असते. ज्याला वॉरंटी हवी आहे."

चष्मेवाल्याचा स्क्रूड्रायव्हर हवेतच थांबला होता.

"मेट्रनबाईंना आणि इंजिनियरला ठाऊक आहे की त्या कपाटात पहिला अर्धा तास धुकं असतं. कोरडा मारायचा असता तर त्यांनी ती जागा निवडलीच नसती. ती जागा कोरडी मानणारा एकच माणूस मला भेटला. तुम्ही कपाट मागवलंत, पण कधी वापरलं नाहीत. फोन ठेवलात तेव्हा वाफ धरायची होती, काढलात तेव्हा निघून गेली होती. मधला वेळ तुम्ही जेवत होता. जाळ्या कोरड्या होतात, हे तुमच्या यादीत आहे. त्यातलं पाणी जातं कुठे, हे यादीत नाही."

"मी का मारीन तिचा फोन?"

"मेट्रनबाईंचे तीन कागद तुम्ही पुढे पाठवलेच नाहीत. त्या जखमा चिघळल्यावर रजिस्टर बाइंडिंगला घेतलंत आणि पानं काढलीत. राहिले फोटो. फोन चोरला असता तर बोभाटा झाला असता, फोडला असता तर संशय आला असता. तुम्ही तुमच्या पद्धतीनं गेलात: वस्तू बंद पाडायची आणि परत पाठवायची. पुराव्याचा कंपनीनं भुगा करायचा, आणि तशी विनंती खुद्द हिच्या सहीनं. एक साधी गोष्ट नडली. स्टिकर लाल झाले आणि कंपनीनं नाही म्हटलं. गेले पाच दिवस ही बाई ज्या नकारापायी रडकुंडीला आली होती, त्या नकारानंच तिचे फोटो सांभाळले."

मामा बसले. टोकन त्यांनी मांडीवर सरळ करून ठेवलं.

"तीन कागद," ते सावकाश म्हणाले, चिमटीकडे न पाहता. "फाइलमध्ये राहिले. एकावर दुसरी फाइल आली. आठवलं तेव्हा उशीर झाला होता, आणि उशीर झाला हे लिहायला रकाना नसतो. मग रोज वाटायचं, आज पाठवावं, आणि रोज वाटायचं, आज पाठवलं तर कालचं काय सांगू." मग त्यांनी मान वर केली, आणि त्या गोल चेहऱ्यावर मामा कुठेच नव्हते. "पण फोन मेलेला आहे, चिमटे. मेलेल्या फोनला कोण विचारतं? शुक्रवारी तुझ्या हातात काय असेल? एक काच. आणि मी तिथं समोर बसलेला असेन."

चष्मेवाल्यानं झाकण लावलं, फोन पाकिटात घातला आणि चिमटीच्या हातात दिला. पाकिटावर एका दुकानाचा पत्ता लिहिलेला होता.

"बोर्ड आरशासारखा आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "मी काही बोललो नाही."

६

पत्त्यावरचं दुकान म्हणजे जिन्याखालची कपाटाएवढी जागा. आत बसणारी बाई भिंगातून बोर्ड बघायची आणि गिऱ्हाइकाकडे बघायची नाही. गुरुवारी सकाळी तिनं बोर्डवरचे दोन बारीक जळके भाग काढून नवे बसवले आणि बाहेरून वीज दिली.

"जगला तर थोडाच वेळ जगेल," ती म्हणाली. "काय काढायचं ते आधीच ठरवा."

फोन नऊ मिनिटं जगला. पहिल्यांदा त्यानं 'जागा संपली' असं सांगितलं. चिमटीनं या वेळी 'नंतर' दाबलं नाही. एकोणीस फोटो निघाले, एकोणीस राखाडी रेघा, प्रत्येकीवर तारीख, गाठोड्याचा नंबर आणि मेट्रनबाईंची सही. मग पडदा काळा झाला, तो झालाच.

शुक्रवारी चौकशी पाऊण तासात आटोपली. सर्वेअर बाहेरच्या बाकावर बसून होता. मामा आले नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली नेटक्या चिठ्ठीसह खिळ्याला टांगलेली. मेट्रनबाई आत गेल्या, आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं की सह्या त्यांच्या आहेत. वीस मिनिटांनी चौकशीच्या अध्यक्ष डॉक्टरांनी दार उघडून बाहेर बसलेल्या चिमटीला म्हटलं, "तुमच्यावर काही नाही. तुम्ही जाऊ शकता."

चिमटी जागची हलली नाही.

"एकोणीस गाठोडी," ती म्हणाली. "पाच पेशंट तुम्ही मोजलेत. बाकीची गाठोडी कुणासाठी उघडली?"

दार तसंच अर्धवट उघडं राहिलं.

थिएटरचं रजिस्टर मागवायला, नंबर जुळवायला तास गेला. मोठ्या गाठोड्यातून दिवसाला दोन-तीन ऑपरेशनं होतात. यादी एक्केचाळीस नावांची झाली. त्यातली पाच आधीच माहीत होती. छत्तीस माणसं टाके काढून, कागद घेऊन, बरी झाली म्हणून घरी गेली होती.

काचेच्या खोलीत मेट्रनबाईंनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. यादीची दोन पानं झाली होती. एक त्यांनी स्वतःपुढे ओढलं, दुसरं चिमटीकडे सरकवलं. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. खोलीत हॉस्पिटलचा एकच फोन होता, म्हणून सर्वेअरनं आपला खिशातून काढून टेबलावर ठेवला.

चिमटीनं पहिला नंबर लावला. तीनदा वाजल्यावर एका बाईनं उचलला.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. मागच्या महिन्यात तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं होतं. कसे आहेत ते?"

"बरे आहेत की," पलीकडून उत्तर आलं. "चालतात, फिरतात. फक्त दोन दिवस जरा अंगात कणकण आहे."

चिमटीनं त्या नावापुढे खूण केली.

"ताई," ती म्हणाली, "त्यांना रिक्षात घाला आणि आत्ता घेऊन या. मी दारात उभी असेन."